पिस्तूल मी उचललं

दिघोरीचा मी दहा वर्षं सरपंच होतो, त्यामुळे मला सांगायची सवय आहे, ऐकायची नाही. असं माझी बायको रुखमिणी म्हणते. मी ते तिच्यापुढे आजवर कबूल केलं नव्हतं. मागच्या डिसेंबरात थायलंडमध्ये पंधरा-वीस परक्या माणसांसमोर मात्र कबूल करावं लागलं, तेही भर उन्हात, अंगावर नवा सफारी असताना. त्याची ही हकीकत.

माझी मुलगी मेघा नागपूरला बँकेत आहे. वय एकतीस. गेली पाच वर्षं ती पिस्तुलाच्या स्पर्धा खेळते. पिस्तुलाची स्पर्धा म्हटलं की लोकांना वाटतं, एका जागी उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या गोल चकतीवर नेम धरायचा. तसला हा खेळ नाही. यात पळावं लागतं. लाकडी भिंती उभ्या केलेल्या असतात, त्यांना खिडक्या-दरवाजे असतात आणि त्यांच्या आडून पुठ्ठ्याची माणसं डोकावतात. एकेका पुठ्ठ्याला दोन-दोन गोळ्या मारायच्या, लोखंडी पत्रे पाडायचे, पळता पळता गोळ्यांचं मॅगझीन बदलायचं, आणि हे सगळं घड्याळावर. मिळालेले गुण लागलेल्या वेळेनं भागायचे. नेम चांगला पण पाय जड, तर काही उपयोग नाही. तिनं मला पहिल्यांदा फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मी विचारलं होतं, "कोणाच्या मांगं धावून राहिली तू?"

"कोणाच्याच नाही बाबा. घड्याळाच्या मांगं."

मला ते काही पटलं नाही. खरं सांगायचं तर मला तो खेळच पटला नव्हता. बाईमाणसाले बंदूक कायले पाहिजे, असं मी घरात, पारावर, तालुक्याला लाखांदूरच्या बसस्टँडवर, सगळीकडे बोललो आहे. बोललेलं लोकांच्या लक्षात राहतं, म्हणून आता नाकारत बसत नाही.

या खेळात हरणं वेगळं आणि बाद होणं वेगळं, हे मला मागच्या वर्षी कळलं. हरलं तर नाव यादीत खाली जातं. बाद झालं तर नावापुढे आकडाच येत नाही. पिस्तुलाची नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली, बाद. पळताना बोट घोड्यावर राहिलं, बाद. पंचानं सांगितल्याशिवाय पिस्तुलाला हात लावला, बाद. कोणी "जाऊ द्या, पहिलीच वेळ आहे" म्हणत नाही. सामान आवरायचं आणि घरी जायचं. मेघा देशातल्या एका मोठ्या स्पर्धेत तिसऱ्याच फेरीत अशी बाद झाली. डावीकडे पळताना नळी वळली, एवढंच. आणि इकडे लाखांदूरच्या बसस्टँडवर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच लागला होता. आमच्या कार्यकर्त्यांना घाई फार. त्यामुळे ती गावात आली की जो तो विचारायचा, कितवा नंबर आला? श्यामराव, म्हणजे ज्यानं तिसऱ्या निवडणुकीत मला पाडलं तो माणूस, त्यानं तर भर चौकात विचारलं. ती प्रत्येकाला सरळ सांगायची, "बाद झाली मी, काका." कारण नाही, सबब नाही. मला तिचा राग यायचा. थोडं गोल गोल बोलून वेळ मारून न्यायला काय हरकत होती?

त्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात रुखमिणीला म्हणाली, "आई, एक बार बाहेरदेशात खेळून पाहीन. तिथंबी बाद झाली तं सोडून देईन. आता लोकाईले सांगणं होत नाही माझ्याच्यानं."

मी बाहेर ओट्यावर बसून ऐकत होतो. दोन वर्षांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी गुपचूप मारुतीपुढे नारळ फोडला असता. त्या दिवशी मात्र हातातला चहा तसाच राहिला. चौकात श्यामरावला उत्तर देताना तिचा आवाज कसा झाला होता, तो मी जवळून ऐकला होता. पोरीनं आपल्या मर्जीनं सोडावं, वाटलं तर उद्याच सोडावं, पण असा आवाज घेऊन सोडू नये, असं मला वाटलं. हे मी कोणाला बोललो नाही.

थायलंडची स्पर्धा डिसेंबरात होती. तीन दिवस, बारा फेऱ्या. रुखमिणीचे गुडघे धरलेले, तिला प्रवास झेपत नाही. तिनंच काढलं, "पोरगी एकटी जाऊन राहिली. तुमी जा संगं."

"मी? आन उन्हाळी धानाचे पऱ्हे कोण टाकंल?"

"भुपेंद्र टाकंल. तुमच्या हातानं टाकले तरच उगवते का जी धान?"

पऱ्हे म्हणजे लावणीसाठीची धानाची रोपं, आणि भुपेंद्र आमचा मुलगा. तो बाजूला उभा राहून हसत होता, यावरून दोघांचं आधीच ठरलेलं होतं हे मी ओळखलं. पासपोर्ट निघाला, सफारी शिवला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. विमानाबद्दल काही लिहीत नाही, कारण मी पूर्ण वेळ डोळे मिटून होतो.

रेंज बँकॉकपासून दोन-अडीच तासांवर होती. रेंज म्हणजे गोळीबाराचं मैदान. तिन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेले वाफेच वाफे, एकेका वाफ्यात एकेक फेरी. आणि कुंपणाच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे आमच्याकडे असतात तसलीच भातखाचरं. इतक्या दूर येऊन समोर बांध्या दिसल्यावर माझा जीव जरा थाऱ्यावर आला.

मेघासोबत गोंदियाचे चंद्रकुमार होते. ते दातांचे डॉक्टर, पण सुट्टी मिळाली की पिस्तूल. दोघं एकाच तुकडीत खेळणार होते. आपलं पिस्तूल परदेशात न्यायचं तर कागदच इतके लागतात की दोघांनी तिथल्या क्लबचं पिस्तूल वापरायला घेतलं होतं. कमरेचा पट्टा आणि होल्स्टर, म्हणजे पट्ट्यावरचं पिस्तुलाचं घर, मात्र मेघानं घरून आणलेलं. क्लबचं पिस्तूल त्यात जरा सैल बसत होतं. आदल्या दिवशी तिनं स्क्रू आवळला, उड्या मारून पाहिल्या, पळून पाहिलं. पिस्तूल जागचं हललं नाही. चंद्रकुमार म्हणाले, "चालून जाईल." पूर्ण खाली वाकून पाहावं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. त्या खेळात वाकायचं कामच नसतं.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही साडेसातला रेंजवर होतो. मेघाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. नाश्ता नीट केला नाही, माझ्याशी धड बोलली नाही, नुसती हात पुढे करून हवेतल्या हवेत नेम धरत फेरीचा रस्ता पाठ करत होती. हे सगळे खेळाडू तसंच करतात. लांबून पाहिलं तर वाटतं, वीस माणसं झोपेत चालून राहिली. मला काही करायला नव्हतं. मी सावलीच्या जाळीखाली उभा राहून मनातल्या मनात फुगत होतो.

फुगायचं कारण सांगतो, लाज वाटते पण सांगतो. आमच्याकडे परीक्षा असो, नोकरीचा पहिला दिवस असो की धानाची रोपं रोवायचा पहिला दिवस, पोरं मोठ्यांच्या पाया पडून घराबाहेर निघतात. मेघा दहावीपासून आजवर एकदाही चुकली नव्हती. आणि त्या दिवशी हॉटेलातून निघताना ती माझ्या समोरून बॅग खांद्याला लावून सरळ गाडीत जाऊन बसली. ती विसरली असेल, घाईत असेल, हे कळायला काही सरपंच असावं लागत नाही. पण मला ते लागलं.

तिचा नंबर यायला दोन खेळाडू बाकी होते. तिनं पट्टा बांधला होता, पिस्तूल होल्स्टरमध्ये होतं. ते रिकामं असतं. पंचासमोर उभं राहून त्यानं सांगितल्यावरच गोळ्या भरायच्या, तोवर नाही. ती पाणी प्यायला माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं बाबा?"

"काही नाही."

"तोंड काहून पाडलं मंग?"

"सकाळी पाया नाही पडली तू."

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "राहूनच गेलं बाबा," म्हणाली, बाटली खाली ठेवली आणि वाकली. तिचा हात माझ्या बुटांना लागला आणि त्याच क्षणी तिच्या कमरेवरून काहीतरी निसटलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये धुळीत पडलं. पिस्तूल होतं.

आमच्याकडे पडलेली वस्तू पडून राहू देत नाहीत. धानाची लोंब पडली, पुस्तक पडलं, विळा पडला, आधी उचलायचं आणि कपाळाला लावायचं. ज्याच्या भरवशावर आपलं काम चालतं ते जमिनीवर लोळू द्यायचं नाही. हे मी आईच्या मागं बांधीत फिरायचो तेव्हापासून करत आलो आहे. हात आपोआप जातो.

पण त्या दिवशी हात आपोआप गेला, असं म्हणून मला सुटता येणार नाही. कारण मेघा बोलली होती. "बाबा, उचलू नका," असं ती म्हणाली. मी वाकत होतो तेव्हा पुन्हा म्हणाली, "बाबा, नाही." मी दोन्ही वेळा ऐकलं. मनात काय आलं तेही मला आठवतं. मनात आलं, हिला काय कळते, ऐन कामाच्या वेळी असं पडणं बरं नाही.

मी पिस्तूल उचललं. त्यावरची धूळ फुंकली. दोन्ही हातांत धरून डोळे मिटले आणि कपाळाला लावलं.

डोळे उघडले तेव्हा मेघा आणि चंद्रकुमार सोडले तर आजूबाजूला कोणी उभं नव्हतं. काही जण खाली बसले होते, एक जाडा माणूस पाण्याच्या टाकीमागे गेला होता. चंद्रकुमार माझ्या अगदी समोर होते. नळी त्यांच्या पोटाकडे होती आणि ते दातांच्या डॉक्टरकडे आलेल्या पेशंटसारखे तोंड उघडं टाकून उभे होते. कोणीतरी इंग्रजीत ओरडत होतं. मला वाटलं, आपण हे लवकर मेघाच्या हाती द्यावं म्हणजे गडबड मिटेल. मी पिस्तूल तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "घे."

मेघानं दोन्ही हात डोक्याच्या वर केले आणि ती एकेक पाऊल मागे सरकू लागली. आपली पोरगी आपल्याला पाहून हात वर करून मागे सरते, हे दृश्य कोणाही बापाच्या वाट्याला येऊ नये.

एक तरुण पंच हळूहळू माझ्या बाजूनं आला. त्यानं माझं मनगट धरलं, नळी बांधाकडे वळवली आणि पिस्तूल काढून घेतलं. ते उघडून पाहिलं, रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं. मग लोक उठले. मला सरळ शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मेघाला त्यांनी एका बाजूला उभं केलं, मला दुसऱ्या बाजूला. चंद्रकुमार माझ्याजवळ आले.

"काका, कायले उचललं तुम्ही?"

"पडलं होतं."

"पडलं तं पडू द्यायचं. पडणं गुन्हा नाही. पडलेलं पंच उचलते. खेळाडूनं उचललं की तो बाद. तिथल्या तिथं."

"मी कुठं खेळाडू आहो?"

"तेच तं. आता मुख्य पंच येतीन आन ठरवतीन. तुम्ही तिच्या संगं आले, तिच्यासाठी उचललं. तिनंच उचलल्यासारखं आहे, असं म्हणू शकते कोणीबी."

पहिली फेरी, एक गोळी झाडलेली नाही, आणि पोरगी घरी जाणार. आणि तिनं सोडून द्यायचं ठरवलेलं होतं, म्हणजे ती सोडणार, ती माझ्यासारखी बोलून फिरवणारी नाही. पुन्हा चौकात प्रत्येकाला सांगणार, बाद झाली मी, काका. आणि या वेळी कारण विचारलं तरी ती सांगणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बापानं घालवलं, असं ती कधीच कोणाला सांगणार नाही. मी इतकी वर्षं तिनं हे सोडावं म्हणून बोलत होतो, आणि आता ते माझ्याच हातानं होणार होतं. मला त्या क्षणी काहीही नको होतं. नंबर नको, फ्लेक्स नको. फक्त तिला त्या पुठ्ठ्याच्या माणसांमागं पळू द्या, एवढंच मी मनात म्हणत होतो.

मुख्य पंच एका छोट्या बॅटरीच्या गाडीतून आल्या. पन्नाशीच्या बाई, बुटक्या, डोक्यावर मोठी टोपी, हातात नियमांचं पुस्तक. आधी तरुण पंचाशी बोलल्या, मग मेघाशी दोन वाक्यं. मेघानं काहीतरी थोडक्यात सांगितलं. मग एक थाई खेळाडू पुढे आला आणि हात वर करून मागे सरकून दाखवू लागला. मेघानं काय केलं ते तो त्यांना दाखवत होता. मग त्या बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. चंद्रकुमार मध्ये.

"काका, बाई विचारून राहिल्या, पिस्तूल पडल्यावर मेघा काही बोलली का तुमच्याशी?"

यातलं कोणतं उत्तर तिला वाचवेल, तेच मला कळत नव्हतं. बोलली म्हणावं, तर आमचं आपसात काही ठरलं असं निघेल का? नाही बोलली म्हणावं, तर तिनं मला उचलू दिलं असं होईल का? मी मेघाकडे पाहिलं. ती वीस पावलांवर हात मागे बांधून उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यानं खूण केली नाही. नुसती पाहत होती. तीस वर्षांच्या राजकारणात मी साक्षी फिरवल्या आहेत, जबाब शिकवले आहेत. तिथं मात्र जे झालं होतं तेच तोंडातून निघालं.

"बोलली. उचलू नका म्हणली."

"तुम्हाले ऐकू आलं?"

इथं एक सोपी वाट होती. माझ्या डाव्या कानानं कमी ऐकू येतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. शेजारच्या वाफ्यात गोळ्याही वाजत होत्या. ऐकू आलं नाही म्हटलं असतं तर म्हातारा माणूस, चुकून झालं, असं माझ्यापुरतं तरी मिटलं असतं.

"दोनदा म्हणली," मी म्हणालो. "दोनीबी बार ऐकलं मी. तरी उचललं."

"काहून, असं विचारून राहिल्या."

"पोरगी सांगते आन मी ऐकतो, असं आमच्या घरात नाही."

चंद्रकुमारनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला आणि आपल्या कपाळाला हात लावून दाखवला.

"कपाळाले कायले लावलं, म्हणून राहिल्या."

"सांगा त्यांना, पडलेल्या वस्तूले आमी नमस्कार करतो."

हे सांगायला चंद्रकुमारला बराच वेळ लागला. बाईंनी ऐकून घेतलं, पुस्तकाची दोन पानं उलटली, ती बोट ठेवून वाचली, तरुण पंचाला वाचायला दिली. मी त्या पानाकडे पाहत होतो. त्यातलं एक वाक्य मला समजणार नव्हतं आणि माझ्या पोरीचं सगळं त्यावर होतं.

मग त्या बोलल्या आणि चंद्रकुमार एकेक वाक्य माझ्या कानाशी सांगत गेले. पिस्तूल फेरीच्या बाहेर पडलं, रिकामं होतं, त्यात गुन्हा नाही. खेळाडूनं ते उचललं नाही. उचलू नका म्हणून दोनदा सांगितलं. हातात दिलं तरी घेतलं नाही. याहून जास्त तिनं काही करायला पाहिजे होतं, असं पुस्तकात लिहिलेलं नाही. ती खेळेल. होल्स्टर बदलावं लागेल, ते क्लब देईल.

"आणि?" मी विचारलं, कारण चंद्रकुमार थांबले होते.

"आणि तुम्ही रेंजच्या बाहेर, काका. तिन्ही दिवस. नमस्कार करायचा असंल तं गेटच्या बाहेरून करा म्हणून राहिल्या."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्या बाईंच्याच पाया पडायला वाकलो. चंद्रकुमारनं माझा दंड धरला आणि म्हणाले, "काका, आता आणखी काही नको." तरुण पंचानं माझ्या मनगटावरची कागदी पट्टी कातरीनं कापली, मला बॅटरीच्या गाडीत बसवलं आणि गेटकडे नेलं. मी वळून पाहिलं तेव्हा मेघा नवं होल्स्टर पट्ट्यावर चढवत होती. ती उभी होती, तिच्या जागेवर, पंचाच्या बाजूला. एखाद्याला मिरवत न्यावं तसा मी गेटबाहेर गेलो. त्या गाडीत मला रडू आलं, हेही सांगून टाकतो. गाडी चालवणारा पोरगा घाबरून सारखा "ओके? ओके?" विचारत होता आणि मी "ओके, ओके" म्हणत होतो.

गेटवरच्या पहारेकऱ्यानं मला प्लास्टिकची खुर्ची दिली. ती मी तीन दिवस सोडली नाही. समोर बांधीत एक माणूस यंत्रावर बसून रोवणा करत होता. एकटा. सहा-सहा ओळी एका वेळी, आणि आमच्याकडे वीस बायका लागतात. पऱ्हे जरा विरळ लावत होता असं माझं मत पडलं, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. पाठीमागे आतमध्ये सारख्या गोळ्या वाजत होत्या. त्यातल्या मेघाच्या कोणत्या ते ओळखायचा मी खूप प्रयत्न केला. दोन-दोन, दोन-दोन, मग थोडं थांबून पत्र्याचा ठणठण आवाज. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हीच ती. वाजत होतं तोवर बरं होतं. मधेच सगळं शांत झालं की मी खुर्चीतून उठायचो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर आली. चेहऱ्यावर धूळ, घाम, डोळ्यांवरच्या चष्म्याचा वळ. चार फेऱ्या झाल्या होत्या.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे शब्द मी याआधी कधी कोणाला बोललो असेन तर मला आठवत नाही.

"हो," ती म्हणाली. बॅग खांद्यावर सारखी केली आणि विचारलं, "जेवले का तुमी?"

"नाही."

"चला मंग."

एवढंच झालं आमच्यात. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. हॉटेल येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या, तिसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी दुपारी गोळ्यांचा आवाज हळूहळू कमी होत गेला आणि मग बंदच झाला. मी उभा राहिलो. पहारेकरी मला हातानं बस, बस म्हणत होता. बऱ्याच वेळानं मेघा आणि चंद्रकुमार चालत येताना दिसले. मेघाच्या हातात फोन होता. तिनं तो माझ्या डोळ्यांपुढे धरला. बायकांची यादी, एकोणतीस नावं. वरून सतरावं नाव मेघाचं. त्याच्यापुढे आकडे होते, बाराही फेऱ्यांचे, एकही जागा रिकामी नव्हती. सगळ्यात खाली दोन नावं अशी होती की त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. मी ती यादी तीनदा वाचली.

"सतरावी," ती म्हणाली. "काही खास नाही बाबा."

"असू दे," मी म्हणालो.

तेवढ्यात दिघोरीहून भुपेंद्रचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात चांगली मंडळी जमलेली दिसत होती. रुखमिणी खुर्चीवर, शेजारची गोदावरीबाई, पोरंटोरं, आणि मागं खांबाला टेकून श्यामराव. त्याला कोणी बोलावलं होतं कोण जाणे.

"मंग बाई," श्यामरावनंच आधी विचारलं, "या बारीनं बाद-गिद तं नाही ना झाली?"

"नाही काका," मेघा म्हणाली. "पूर्ण खेळली. सतरावा नंबर आला."

अंगणात टाळ्या झाल्या. रुखमिणीनं पदर डोळ्यांना लावला. मग ती फोनच्या अगदी जवळ आली, तिचं कपाळ तेवढं दिसू लागलं.

"तुमी पायलं का जी तिले धावतानी? कशी धावते?"

मी काही बोलायच्या आत मेघानं उत्तर दिलं, "बाबाले ऊन लागलं आई. ते सावलीत बसले होते." तिनं ते इतकं सहज म्हटलं की मीही क्षणभर खरं मानलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. चौकात स्वतःसाठी कधी एक सबब न सांगणारी पोरगी माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि पाठीमागून श्यामराव ऐकत होता. मी गप्प राहिलो असतो तर ते तिथंच संपलं असतं.

मी तिच्या हातातून फोन घेतला.

"ऊन-गिन नाही लागलं," मी म्हणालो. "मी काहीच नाही पायलं. पहिल्याच दिवशी मले बाहेर काढलं यायनं. तिचं पिस्तूल खाली पडलं, ते उचलू नका म्हणली, आन मी उचललं. तिन्ही दिवस गेटवर होतो. आपल्या घरातून एक जण बाद झालं, पण तो मी."

रुखमिणी फोनपासून मागे सरली आणि अंगण पुन्हा दिसू लागलं. श्यामराव खांबापासून सरळ झाला. त्याच्या तोंडावर काहीतरी येत होतं आणि उद्या ते सगळ्या लाखांदूरभर जाणार होतं, हे मला दिसत होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मेघा माझ्या बाजूला उभी राहून हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती.

रुखमिणीनं पदर नीट केला. मग म्हणाली, "पोरगी तं आतमधी राहिली ना?"

"राहिली," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

"मंग झालं," ती म्हणाली.